ब्लू स्क्रीनवर 'फॉरमॅट मारा' हे औषध नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरचा कॉम्प्युटर चालता चालता निळा पडतो, इंग्रजीत चार ओळी दाखवतो, आपला आपण रिस्टार्ट होतो आणि पुढे दोन दिवस काही झालेच नाही असा चालतो. जून लागला की ही तक्रार घेऊन दुकानात येणारी कॅबिनेट वाढतात. त्यावर गल्लोगल्ली एकच औषध मिळते, ते म्हणजे फॉरमॅट मारा. विंडोज नव्याने टाकली की आठ-पंधरा दिवस मशीन गप्प बसते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. तोवर लग्नाचे फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, सात-बाराच्या पीडीएफ असे सगळे गेलेले असते. दोष रॅममध्ये (मशीनच्या चालू मेमरीत), एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात) नाहीतर भिंतीतल्या अर्थिंगमध्ये आणि इलाज विंडोजवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुरुस्तीचे काम करणारे म्हणून हे लिहावेसे वाटले, कारण यातले निम्मे काम घरच्या घरी, एक पैसा न घालता होण्यासारखे आहे.

ब्लू स्क्रीन म्हणजे विंडोजने स्वतः ओढलेली साखळी. मेमरीत ठेवलेले परत मागितले तर भलतेच निघाले, डिस्कने उत्तर दिले नाही किंवा एखाद्या ड्रायव्हरने (प्रिंटर, ग्राफिक कार्ड असे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) नको तिथे हात घातला, की विंडोजचा गाभा पुढे चालायला नकार देतो. डिस्कवर चुकीचे काही लिहिले जाण्यापेक्षा गाडी थांबलेली बरी, एवढाच त्यामागचा हिशेब. साखळी कुठल्या डब्यातून ओढली ते 'स्टॉप कोड' या शब्दांपुढे लिहिलेले असते. नेमके तेच कोणी वाचत नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधला हा स्क्रीन काळा केला, रडका चेहरा आणि क्यूआर कोडही काढून टाकला. पण स्टॉप कोड तसाच येतो आणि विंडोजला कळले असेल तर दोषी फाईलचे नावही खाली येते. मोबाईलवर त्याचा फोटो काढावा. स्क्रीन क्षणभरच टिकत असेल तर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून 'सिसडीएम डॉट सीपीएल' (sysdm.cpl) चालवावे. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज उघडाव्यात आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढावी. मग तो स्क्रीन आपण बटण दाबेपर्यंत जागचा हलत नाही.

इथे जरा आडवळण घेऊन एक इशारा द्यायला हवा. इंटरनेट चालू असताना अचानक सगळा स्क्रीन निळा होतो, बाईचा आवाज बोलू लागतो आणि 'या नंबरवर लगेच फोन करा' असे येते. तो ब्लू स्क्रीन नव्हे, ती फसवणूक आहे. खऱ्या ब्लू स्क्रीनवर फोन नंबर कधीच नसतो, माऊसचा बाण हलत नाही आणि कोणी बोलत नाही. असे झाले तर एस्केप बटण दाबून धरावे. नाहीच सुटले तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. फोन करून बसलेल्या आणि पैसे गेलेल्या माणसाने वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आता खऱ्या दुखण्याकडे. पहिला प्रश्न हा, की स्क्रीन खरोखर निळा (नव्या विंडोज ११ वर काळा) झाला की मशीन नुसतेच बंद पडून चालू झाले? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरातली माणसे दोन्हींना 'ब्लू स्क्रीन आला' असेच सांगतात. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडावी, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमवर जावे आणि 'कर्नल-पॉवर' या नावाची ४१ क्रमांकाची लाल नोंद शोधावी. तिच्या डिटेल्स टॅबमध्ये 'बगचेक कोड' असतो. तिथे ० असेल तर बहुतेक वेळा विंडोजने साखळी ओढलेलीच नसते, तिच्या पायाखालची वीज गेलेली असते. मग विंडोजमध्ये कितीही डोके घातले तरी काही हाती लागत नाही, भिंतीपासून एसएमपीएसपर्यंतचा रस्ता तपासावा लागतो. ० सोडून दुसरा आकडा असेल तर तो स्टॉप कोडच असतो, फक्त नेहमीच्या हेक्साडेसिमल (सोळाच्या) पद्धतीऐवजी दशमान पद्धतीत लिहिलेला. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट. १२२ म्हणजे ७ए, डिस्कवरून पान वाचता आले नाही. १५९ म्हणजे ९एफ, झोपेतून उठताना एखादा ड्रायव्हर अडला. २९२ म्हणजे १२४, हार्डवेअरने स्वतःच तक्रार केली. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर ठेवला की बाकीचे आकडे कोणालाही बदलून घेता येतात.

इव्हेंट व्ह्यूअरची भीती वाटत असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करावे. तारखांचा तक्ता येतो आणि लाल फुल्या कुठल्या दिवशी पडल्या ते दिसते. त्या दिवसांच्या आसपास काय नवे टाकले, कुठला अपडेट आला, रॅम वाढवली का, हे आठवून शेजारी लिहावे. एवढ्यावरच दोन ढीग पडतात. प्रत्येक वेळी तोच कोड आणि तीच फाईल येत असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. आज मेमरी मॅनेजमेंट, परवा पेज फॉल्ट, नंतर सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन असे रोज नवे नाव येत असेल तर सॉफ्टवेअर सोडून रॅम आणि वीज पाहावी. हा नियम शंभर टक्के पाळला जातो असे नाही, पण सुरुवात कुठून करायची ते त्यावरून ठरते.

फाईलच्या नावाबद्दल एक खुलासा. खाली 'एनटीओएसकेआरएनएल' दिसले की 'विंडोज करप्ट झाली' असे सांगून फॉरमॅट मारला जातो. ती विंडोजच्या गाभ्याचीच फाईल आहे. रॅमने किंवा दुसऱ्या ड्रायव्हरने केलेली घाण तिच्या अंगणात सापडली, एवढाच त्याचा अर्थ. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा हा प्रकार.

वीज आधी तपासावी असे आमचे मत आहे, कारण ती तपासायला कॅबिनेट उघडावे लागत नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर आणि वायरमनचा हात पुरतो. ज्या बोर्डाला कॉम्प्युटर लावला आहे त्याच बोर्डावर तीन मापे घ्यावीत. फेज ते न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचे माप पाचाच्या वर गेले तर अर्थिंग किंवा न्यूट्रलचा जोड ढिला आहे असे धरून चालावे. फेज ते अर्थ काहीच दाखवत नसेल तर बोर्डाला तिसरे भोक आहे, पण मागे तार नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे नेहमी दिसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या यामुळेच. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात. पत्र्याला अर्थ नसेल तर तो निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणूस वाचतो. पण तोच पत्रा एचडीएमआय केबलने टीव्हीला, यूएसबीने प्रिंटरला आणि लॅन केबलने राउटरला जोडलेला असतो, आणि तिथून येणारे झटके मदरबोर्डला सोसावे लागतात. टू-पिनची पिन लावून चालवलेल्या मशीनवर ब्लू स्क्रीनचा शोध घेणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसणे. आधी अर्थिंग करून घ्यावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे.

वेळेकडेही लक्ष ठेवावे. मशीन रोज सकाळी नळाला पाणी यायच्या वेळीच बंद पडत असेल तर गल्लीत त्याच मिनिटाला पाण्याच्या मोटारी चालू होत असतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि त्या लाईनवरचे व्होल्टेज क्षणभर खाली येते. उद्यमनगरात वर्कशॉपला लागून घर असेल तर वेल्डिंगमुळे हाच प्रकार दिवसभर चालतो. यूपीएस असूनही असे होते तेव्हा लोक बुचकळ्यात पडतात. घरगुती यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. नव्या, चांगल्या एसएमपीएसच्या पोटात साधारण १६ मिलिसेकंद पुरेल एवढी वीज साठलेली असते. पाच-सहा वर्षांत आतला कपॅसिटर सुकला की ही शिदोरी कमी होते, आणि यूपीएस वेळेवर येऊनही मशीन खाली बसते. दोष यूपीएसचा वाटतो, असतो एसएमपीएसचा. उलटही होते. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॉट असते आणि आतली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. त्यावर लेझर प्रिंटर तर कधीच लावू नये.

एसएमपीएसचे माप मशीन चालू असताना, काम पडलेले असताना घ्यावे. जुन्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी तार यांच्यात १२ व्होल्ट यायला हवेत, ११.४ ते १२.६ च्या आत. लाल आणि काळीमध्ये ५ व्होल्ट, ४.७५ ते ५.२५ च्या आत. माप बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटत नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यातली थरथर त्याला दिसत नाही, आणि मेमरीला नडते ती थरथरच. म्हणून खरी परीक्षा एकच, ओळखीचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असते, ते मनावर घेऊ नये. त्याच्यावर ग्राफिक कार्ड चढवले की गेम उघडताच मशीन झोपते. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो, एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा चार्ज काही काळ राहू शकतो.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र नुसत्या डोळ्यांनी तपासता येतात. प्रोसेसरच्या बाजूला उभ्या नळकांड्यांची रांग असते. त्यांची डोकी सपाट हवीत. एखादे पुरीसारखे फुगलेले असेल किंवा त्यावर तपकिरी चिकट काही दिसत असेल तर विंडोजची चर्चा तिथेच संपली.

रॅमवर थोडे सविस्तर लिहितो, कारण खऱ्या ब्लू स्क्रीनमागे बऱ्याचदा तीच असते आणि दुरुस्तीही सर्वांत स्वस्त. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते, भिंती पाझरतात, आणि त्यात मशीन आठवडाभर बंद राहिले की रॅमच्या पट्टीच्या संपर्कांवर मळ आणि ऑक्साइडचा थर बसतो. सोनेरी मुलामा पातळ असतो, स्लॉटमधल्या पिना त्याहून बारीक. त्यातली एखादी पिन कधी लागते, कधी लागत नाही. म्हणूनच क्रॅश 'मनाला येईल तेव्हा' होतो. मशीन बंद करावे, भिंतीतली पिन काढावी आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्टॅटिक घालवावी. स्लॉटच्या टोकाची कुलपे बाजूला करून पट्टी सरळ वर ओढावी. सोनेरी दात मऊ पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलक्या हाताने पुसावेत, रबराचा चुरा ब्रशने झाडावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून पाच मिनिटे वाळू द्यावे. पॉलिश पेपर, पेट्रोल, थुंकी यांतले काही लावू नये. पॉलिश पेपरने सोने निघून जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पट्टी दुप्पट त्रास देते. स्लॉट ब्लोअरने साफ करावा, त्यात सुई घालू नये. पट्टी परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोके 'टक' वाजेपर्यंत दाबावीत. एका टोकाला वाजले आणि दुसरे अर्धवट राहिले, हे सर्रास होते.

त्यानंतर चाचणी. मेमटेस्ट८६ नावाचे मोफत साधन पेन ड्राइव्हवर टाकता येते (पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवा). त्यावरून मशीन सुरू करून चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. रात्री लावून झोपावे, सकाळी पाहावे. एकही लाल ओळ चालत नाही. 'दोनच तर एरर आहेत' असा हिशेब इथे लागू नाही. रोज पंचवीस हजार नोटा मोजताना कॅशियरची एकच नोट चुकत असेल तरी तिजोरी जुळत नाही, तसेच हे. विंडोजचे स्वतःचे मेमरी डायग्नोस्टिक पटकन होते, पण बारीक दोष त्याच्या नजरेतून सुटतात. चूक सापडली तर एक पट्टी काढून दुसरी एकटी तपासावी, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरखालची पिन.

पट्ट्या चांगल्या असूनही जोडीने भांडतात, हेही माहीत असावे. जुनी ४ जीबीची २४०० वेगाची आणि नवी ८ जीबीची ३२०० वेगाची एकत्र लावली की दोघींना कमी वेगावर यावे लागते, आणि सगळे बोर्ड हे नीट जमवत नाहीत. चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासूनचा दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये) एक्सएमपी ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग चालू असेल तर ते बंद करून आठवडाभर मशीन चालवावे. डीडीआर४ रॅमचा ठरलेला व्होल्टेज १.२ आहे. एक्सएमपीत तो बरेचदा १.३५ पर्यंत चढवून वेग वाढवलेला असतो. वेग थोडा कमी झाला आणि क्रॅश थांबले, तर कारण हातात आले.

डिस्कचे दुखणे वेगळे ओळखू येते. मशीन आधी पाच-दहा सेकंद गोठते, माऊस हलतो पण काही उघडत नाही, आणि मग 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' किंवा 'कर्नल डेटा इनपेज एरर' येतो. एसएसडी (चिपवर चालणारी डिस्क) मधेच गायब होत असेल तर एक गंमत होते. क्रॅशची नोंद विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंप फोल्डरात लिहिली जायला हवी, पण लिहायची जागाच नाहीशी झालेली असते. निळा स्क्रीन तर आला आणि मिनिडंप रिकामे, हा स्वतःच एक पुरावा धरावा. फक्त त्याआधी खात्री करावी, की 'पीसी फास्ट करणाऱ्या' एखाद्या क्लीनरने ते पुसले नाही आणि कोणी पेज फाईल (विंडोज मेमरीला जोड म्हणून डिस्कवर ठेवते ती) बंद करून ठेवलेली नाही. ती बंद असली तरी क्रॅशची ही नोंद (डंप) लिहिली जात नाही.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कचे चार आकडे पाहायचे, ०५, सी५, सी६ आणि सी७. पहिले तीन शून्याच्या वर गेले आणि वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग मरतो आहे, त्या दिवशी दुसरे काही न करता डेटा काढून घ्यावा. सी७ एकटाच वाढत असेल तर बहुधा डिस्क चांगली असते आणि तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल खराब असते. शे-दीडशेची केबल बदलावी. मरणाऱ्या डिस्कवर 'चेकडिस्क' हे विंडोजचे डिस्क तपासायचे साधन '/आर' या खराब सेक्टर शोधणाऱ्या स्विचसह चालवणे हा आपल्याकडचा आवडता अपराध. ती डिस्कचे प्रत्येक सेक्टर वाचायला लावते, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच जाते. आधी बॅकअप, मग चेकडिस्क.

मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचाही इथे संबंध येतो. तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा. संपला की तारीख-वेळ मागे जाते हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याबरोबर बायोसच्या सेटिंग्जही मूळ पदावर जातात. डिस्कचा मोड एएचसीआयवरून दुसरा झाला, की विंडोज सुरू होतानाच 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळी पडते. विंडोज, डिस्क दोन्ही धडधाकट असतात. तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलून मोड परत लावला की काम झाले. याच दुखण्यासाठी किती घरांत फॉरमॅट झाला असेल, विचारू नका.

उष्णतेबद्दल फार लिहीत नाही, तिचा बोलबालाच जास्त आहे. हल्लीचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात, अगदीच हाताबाहेर गेले तर थेट बंद होतात. निळा स्क्रीन यायची वेळ कमी. तरी पंख्यातली धूळ काढावीच. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, भर्रकन फिरू दिली तर बेअरिंग जाते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीजवळ, लेथ-फाउंड्रीच्या आसपास मशीन असेल तर धूळ साधी नसते, तिच्यात लोखंडाचा कीस असतो आणि तो वीज वाहतो. तिथे दर दोन-तीन महिन्यांनी सफाई हवी आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजून, वाळवून पुन्हा वापरात आलेली मशीन अजूनही काही घरांत आहेत. त्यांच्या कनेक्टरांमध्ये गाळाचा बारीक थर असू शकतो. दरवर्षी पावसात तीच मशीन त्रास देत असेल तर नव्या रॅमचा खर्च करण्याआधी मदरबोर्डची खालची बाजू पाहावी.

आता सॉफ्टवेअर. तोच कोड, तीच फाईल असेल तर काम सरळ आहे. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' म्हणजे एनव्हीडियाच्या ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर. तो डीडीयू नावाच्या साधनाने सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज चालू करून) मुळासकट काढावा आणि कंपनीच्या साइटवरून नवीन, नाहीतर आधी नीट चाललेला जुना टाकावा. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नयेत, ती दुखणे आणतात. दोन अँटिव्हायरस एकत्र, क्रॅक केलेली विंडोज, स्वस्तातली यूएसबी वायफाय पिन, डिजिटल सहीच्या जुन्या टोकनचा विंडोज ७ च्या काळातला ड्रायव्हर, हे नेहमीचे संशयित. विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन' उघडून मेमरी इंटिग्रिटी चालू करायला गेले की न जमणाऱ्या ड्रायव्हरांची यादी तीच दाखवते. गाभ्यात शिरलेला एक चुकीचा अपडेट काय करतो ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका फाईलने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन निळी पाडली. विमानतळ थांबले. त्यातली हार्ड डिस्क, रॅम सगळी ठीक होती आणि फॉरमॅटचीही गरज नव्हती, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल काढायची होती.

शोधाशोध चालू असेपर्यंत 'फास्ट स्टार्टअप' बंद ठेवावे. ते चालू असताना शटडाऊन हा खरा शटडाऊन नसतो, गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवून सकाळी उचलला जातो आणि कालचा बिघाडही सोबत येतो. रिस्टार्टमध्ये असे होत नाही. 'बंद करून चालू केले तरी तसेच, रिस्टार्ट केले की बरे', या कोड्याचे उत्तर हेच.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्यांनी एवढे जरूर करावे. त्यातल्या ताकदवान मॉडेलांमध्ये व्होल्टेज जास्त मागितले जाऊन प्रोसेसर हळूहळू कमजोर होण्याचा दोष निघाला. २०२४ मध्ये इंटेलने तो मान्य केला, बायोसमधून येणारी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम किंवा मोठी झिप फाईल उघडतानाच क्रॅश होत असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करावा, पण यूपीएसची बॅटरी चांगली आहे याची खात्री करूनच. अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली तर बोर्डच जातो. झालेली झीज अपडेटने भरून येत नाही, तिथे वॉरंटीच मागावी.

मग फॉरमॅट कधीच करू नये का? करावा. रॅम रात्रभर तपासून झाली, डिस्कचे आकडे स्वच्छ आहेत, वीज मापून झाली, ड्रायव्हर बदलले, डिझम आणि त्यानंतर एसएफसी (विंडोजच्या फाईल दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड) चालवून झाले आणि तरीही तेच, तर खुशाल करावा. शिवाय फॉरमॅट ही एक चाचणीही आहे. कोऱ्या विंडोजवर, एकही बाहेरचे सॉफ्टवेअर न टाकता पुन्हा निळा स्क्रीन आला, तर दोष हार्डवेअरमध्येच आहे हे जवळजवळ नक्की झाले. दुसऱ्यांदा फॉरमॅट सुचवणाऱ्याला एवढेच विचारावे, की पहिल्या वेळी काय कळले?

आमच्याच धंद्यातल्या मंडळींना एक विनंती. बिलावर नुसते 'सर्व्हिसिंग' असे न लिहिता आलेला स्टॉप कोड, केलेली चाचणी आणि बदललेला भाग लिहावा, आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. गिऱ्हाइकानेही 'फॉरमॅट मारायला किती घेता' असा भाव विचारत येऊ नये. सोबत एक कागद आणावा. त्यावर कोड, तारीख-वेळ, त्या वेळी मशीनवर काय चालू होते आणि गेल्या महिन्यात काय बदलले, एवढे असावे. त्या कागदाने दुकानातले दोन दिवस वाचतात.

आणि मशीन आणायची रीत. दुचाकीवर पायांत कॅबिनेट उभे ठेवून, आपल्या रस्त्यांवरून, ग्राफिक कार्ड आत तसेच लटकलेले, असे आणू नये. कार्ड काढून वेगळे गुंडाळावे. कॅबिनेट मदरबोर्ड खाली येईल अशा बेताने गाडीच्या सीटवर आडवे ठेवावे, म्हणजे प्रोसेसरवरचा जड पंखा बोर्डाला ओढत नाही. पावसात प्लास्टिकची पिशवी घालावीच, आणि दुकानातून घरी आणल्यावर तासभर थांबून मग बटण दाबावे.

आपले,
संगणक दुरुस्तीचे काम करणारे काही जण,
कोल्हापूर